छिन्नीचं डोकं बघणारे दादूस

दादूस माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी त्याच्या छिन्नीचं डोकं. धाटावच्या एका कंपनीत ते आमचे मोठे फिटर. नवा माणूस आला की त्याचं नावगाव राहिलं बाजूला, हे त्याच्या छिन्नीच्या डोक्यावरून अंगठा फिरवणार. हातोड्याचे घाव खाऊन डोकं फुललं असेल, कडेला पाकळ्या सुटल्या असतील, तर छिन्नी घासून आणायला परत. अशी पाकळी घावासरशी तुटते आणि गोळीसारखी उडते.

पितळेला पातळ धार, पोलादाला जाड, हे त्यांनी आम्हाला शिव्या देत शिकवलं. "घाव डोक्यावर, नजर धारेवर," हे दिवसभर चालायचं. कंपनीचा चष्मा कुणाच्या खिशात दिसला की विचारत, "खिशाला कमी दिसतं काय रे?"

माझी छिन्नी सासऱ्यांची. डोकं चांगलं फुललेलं. आमच्यात अशा छिन्नीला मान, म्हणजे मालकाने कष्ट केलेत. मी काही ती घासणार नव्हतो. चौथी नापास असलो तरी लोखंड मला कळतं.

दसऱ्याला खात्यात हत्यारांची पूजा झाली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. माझी छिन्नी दादूसनी पाटावरून उचलून माझ्या हातात दिली. म्हणाले, "हिला हळद नाय." चारचौघांत. मी कुणाला सोनं न देता एसटी धरली आणि पेणला, रामवाडीला घरी आलो. या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही, ठरवून टाकलं.

संध्याकाळी दादूस दारात. वरसेच्या आपल्या घरून आपट्याची पानं घेऊन आलेले. मी ओट्यावरून उठलो नाही. ते माझ्या बायकोला म्हणाले, "वयनी, ती छिन्नी आण गो." ती आणून मोकळी. दादूस पायरीवर बसले, पिशवीतून कानस काढली आणि डोकं घासायला लागले.

दसऱ्याला आमच्यात पूजेनंतर कुणी हत्यार चालवत नाही. दादूस तर त्या दिवशी सुपारीसुद्धा कातरत नसत. मी म्हटलं, "दादूस, आज?"

"उद्या तुझी पयली शिफ्ट हाय. तू हिच्यावरच मारशील." कानस थांबली नाही. "देवाची माफी मागीन मी. डोळा कुणाकडं मागू?"

पाकळ्या पायरीवर पडत राहिल्या. कडा उतरल्यावर त्यांनी हात धुतले आणि पानं पुढे केली. मी सोनं घेतलं. घासायच्या आधी मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे.

गेल्या साली वरसेच्या स्मशानात त्यांना पोचवून आलो. मी सहसा रडत नाही. त्या दिवशी डोळ्यांना पाणी आलं. दोन्ही डोळ्यांना.