बाबांच्या आंब्यावरची वेणी

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा आंब्यावर होते. दारात चुलतभावाची इको उभी, बॅग मागच्या सीटवर चढलेली, आई माझ्या हातात सुकटीच्या चटणीची पुडी कोंबतेय, वाडीतल्या बायका "पोचलीस की फोन कर गं" म्हणतायत, आणि ज्यांच्या पाया पडायचं ते वर फांदीवर. बांबूला कोयता बांधून ते बांडगूळ काढत होते. हे काम दरवर्षी पावसाआधीचंच, मान्य. पण मुलगी पहिल्यांदा विमानात बसायला निघाली त्याच सकाळी ते करायलाच हवं होतं असं काही नव्हतं. मी खाली उभी राहून हाक मारली. त्यांनी खाली न बघता सांगितलं, "जा. पन दुसऱ्याच्या झाडावर बांडगूळ होऊन बसायला चाललीस, येवडं ध्यानात ठेव."

माझ्या चपलांपाशी छाटलेल्या पाल्याचा ढीग पडला होता. तो ओलांडून मी गाडीत बसले. कर्जत गेलं, चौक गेलं, पनवेल आलं तरी रडू येईना. आला तो राग. आई म्हणते, हा राग मी बाबांकडूनच घेतलाय. घेतला असेल. पण तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत त्यांना ठाऊक असेल, परक्या गावी पहिल्या दिवसांत प्रेमापेक्षा राग जास्त उपयोगी पडतो. प्रेम आठवलं की माणूस परतीचं तिकीट शोधतो. राग आठवला की सकाळी गजर व्हायच्या आत उठून बसतो.

आमचं घर कोंडाण्याच्या डोंगराखाली. लेणी बघायला येणारे लोक आमच्याच अंगणावरून जातात आणि पाणी मागतात. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, आता घरी असतात. मी शेतीचा डिप्लोमा केला, मग मुंबईच्या एका माणसाच्या फार्महाऊसवर रोपांच्या लॅबमध्ये लागले. तिथे बाटलीत रोपं वाढवायला शिकले, आणि त्या जोरावर सिंगापूरच्या एका ऑर्किड नर्सरीत नोकरी मिळाली. एवढी सरळ गोष्ट. पण आमच्या घरातून कर्जतच्या पलीकडे नोकरीला गेलेली बाई माझ्या आधी एकही नव्हती.

ऑर्किडबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. मराठी पुस्तकात त्याला आमरी म्हणतात, आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे झाडावर झाडाचं नसलेलं जे काही उगवेल ते बांडगूळ, आणि बांडगूळ काढायचं असतं. त्यातलंच एक बांडगूळ जूनच्या सुमाराला लांब गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस सोडायचं. वरच्या ठाकरवाडीतल्या बायका त्याला सीतेची वेणी म्हणायच्या आणि खरंच केसात माळायच्या. "दादा, येवडी ऱ्हाऊ द्या," असं त्या बाबांना जाता-येता सांगायच्या. बाबा ऐकायचे नाहीत. कोयता जिथवर पोचेल तिथवरचं सगळं फुलायच्या आतच खाली यायचं. उंचावरची एक फांदी तेवढी कोयत्याच्या टप्प्यात नव्हती, म्हणून वाचली होती. पुस्तकातलं ऑर्किड आणि आमच्या आंब्यावरचं बांडगूळ यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नव्हती.

ती पडली सिंगापूरच्या रस्त्यावर. पहिल्याच आठवड्यात नर्सरीच्या व्हॅनमधून चालले होते. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडापाशी यंत्राच्या पाळण्यात उभी राहून दोन माणसं वरच्या फांदीला काहीतरी बांधत होती. मला वाटलं छाटणी चाललीय. जवळ गेल्यावर बघते तर हातात आमच्या वेणीसारखंच ऑर्किड, म्हणजे ती माणसं बांडगूळ लावत होती! आमच्याकडे लोक झाडावरून जे उतरवतात ते इथे सरकारी माणसं गाडी लावून, हेल्मेट घालून झाडावर चढवत होती, आणि खाली एक कुटुंब फोन वर करून फोटो काढत होतं. मी इतकी मोठ्याने हसले की शेजारी बसलेल्या रोहानाने मला पाणी दिलं. रोहाना माझी सुपरवायझर, मलय बाई, वयाने आईएवढी. तिथे मोठ्या बहिणीला काक म्हणतात, म्हणून सगळे तिला काक रोहाना म्हणत. मी तिला बाबांचं बोलणं सांगितलं. माझं इंग्लिश तेव्हा तोडकंमोडकं, तिचंही फार वेगळं नव्हतं. ती म्हणाली, "ते झाडाचं काही खात नाही. फक्त धरून बसतं. पाणी पावसाचं पितं, जेवण स्वतःचं स्वतः करतं."

त्या रात्री हॉस्टेलच्या बंकवर पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं. ते वाक्य बाबांना परत घ्यायला लावायचं, आणि ती उंचावरची फांदी वाचवायची. माझ्या डोक्यात या दोन्हींचं एकच काम झालं होतं.

त्या बेटावर लोक या फुलांवर किती परींनी जीव लावतात ते बघत मी तिथली झाले. चिनी नवीन वर्ष आलं की नर्सरीत पाय ठेवायला जागा नसते. अख्खं घर येतं, आजी व्हीलचेअरवरून बोट दाखवते, सून तिसरीच कुंडी उचलते, आणि शेवटी आजीचीच गाडीत जाते. तमिळ फुलवाले देवळासाठी जांभळ्या ऑर्किडचे हार ओवतात. बुद्धपौर्णिमेला मी तिथल्या विहारात गेले, तर मूर्तीपुढे तीच जांभळी फुलं ताटंच्या ताटं. आमच्या विहारात मोगरा आणि झेंडू. मी हात जोडले आणि मनात आलं, माझ्याच लॅबच्या बाटलीतून निघालेलं एखादं रोप यात असेल. माझ्या कामामुळे पहिल्यांदाच छाती फुगली.

मग मी एका मलय कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. समोरच्या दारातले चिनी अंकल कॉरिडॉरच्या कठड्याला व्हँडा जातीची ऑर्किडं टांगून ठेवतात. व्हँडाला मातीही लागत नाही, मुळं उघडी हवेत लोंबकळतात. अंकल बनियनवर उभे राहून सकाळी त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारतात आणि मग त्यांच्यासमोर स्टूल टाकून कॉफी पितात. नुसते बघत बसतात. नवीन फूल आलं की माझं दार वाजवतात. बायकोचे जुने स्टॉकिंग्ज फाडून ते रोपं बांधायला वापरतात, मुळांना काचत नाही म्हणून. बायको वारली, स्टॉकिंग्ज अजून पुरतायत.

हे सगळं मी फोनवर आईला सांगायची. आई स्पीकर चालू ठेवायची, म्हणजे बाबांना ऐकू जावं. बाबा लांबून ओरडायचे, "तितली झाडं तितली. हितं आंब्याला गाठी येतायत, फांद्या वाळतायत, ते कोन बघनार?" आंबा खरंच वाळत होता. त्याचंच लोणचं आई वर्षभर पुरवते, त्यामुळे घरात काळजी होती. आणि बाबांच्या लेखी गुन्हेगार ठरलेला होता.

दोन वर्षांनी एप्रिलमध्ये रजा मिळाली. घरी पोचले आणि चहा प्यायच्या आत कळलं की बाबांनी नेरळचा एक मशीनवाला सांगून ठेवलाय. बाबांच्या गुडघ्यांनी चढणं बंद केलं होतं, म्हणून आता पेट्रोलची करवत येणार आणि उंचावरची ती फांदी बुंध्यापासून उतरवणार. "सगळ्यात जास्ती बांडगूळ तितंच हाय," बाबा म्हणाले. मी वर पाहिलं. फांदीवर वेणीची जाड पानं दाटली होती, आणि पानांच्या बेचक्यांत कळ्यांची इवली टोकं दिसायला लागली होती.

मी म्हटलं, "मशीनवाला राहू दे. झाड मी साफ करते."

"तुला चढता येतंय का अजून?"

"तुम्हीच शिकवलंय."

शिडी आईने धरली आणि मी खाली येईपर्यंत बडबडत राहिली. "सुजे, पाय बघ. सुजे, मुंग्या हायत. तिकडच्या कंपनीला काय सांगू मी?" मी कोयता घेऊन वर गेले आणि आधी खरं बांडगूळ शोधलं. नारिंगी नळकांडी फुलांचं, चांगलं माजलेलं होतं. जिथे जिथे फांदीला गाठ आली होती तिथे तेच होतं, आणि गाठीच्या पुढची फांदी वाळलेली. वेणी होती ती फांदी मात्र टोकापर्यंत हिरवी. मी गाठीच्या खाली घाव घालून एकेक बांडगूळ उतरवलं. मग वाळक्या डहाळीवर रुजलेला वेणीचा एक लहान गड्डा हलक्या हाताने सोडवला आणि खाली आले. आणखी एक काम केलं. खालच्या हिरव्या फांदीवर वेणीचं एक मूळ चिकटलं होतं, ते बाबांच्या डोळ्यांदेखत सोललं. मुळाखालची साल कोवळी हिरवी, कुठे भोक नाही, ओरखडा नाही.

बाबा ओट्यावर बसले होते. मी बांडगुळाची गाठ त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी वेणीचा गड्डा. काही बोलले नाही. लॅबमध्ये मी नव्या मुलींना शिकवते, तेव्हाही बोलत नाही; हातात देते. बाबांनी विळा मागवला आणि गाठ मधोमध चिरली. बांडगुळाचं मूळ खिळ्यासारखं लाकडात घुसलेलं दिसत होतं. त्यांनी वेणीची पांढरी मुळं बोटांत धरून बघितली, ओढून बघितली, उठून फांदीच्या सालीवरून अंगठा फिरवला. परत येऊन बसले.

मला वाटलं, आता म्हणतील चुकलं. त्यासाठी तर मी समुद्र ओलांडून आले होते. ते म्हणाले वेगळंच.

"मी परमनंट झालो ना, त्या दिवशी कॅन्टीनमधी एक जन सगळ्यांसमोर म्हनला, आली बांडगुळं. आपल्या समाजाचा मी येकटाच व्हतो. जेवन तसंच ठेवून उठलो." थोडा वेळ ते विळ्याचं पातं पुसत बसले. "तुला तिकडं कुनी तसं म्हनलं असतं तर? मंग म्हनलं, आपनच आदी सांगू. घरच्या मानसानं म्हनलेलं असलं की भायेरच्याचं लागत नाय."

आई आत भाकऱ्या थापत होती, ती थापायची थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं. मी दोन वर्षं ज्या वाक्याचा राग पोसला ते वाक्य बाबांनी माझ्या बॅगेत औषधासारखं घातलं होतं. मला भयंकर रडू आलं आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला, कारण औषध असं तोंडावर फेकून मारायचं नसतं. दोन्ही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला दुसरं येत नाय."

मग तो गड्डा आम्ही तिघांनी मिळून खालच्या फांदीवर बांधला. मी अंकलच्या स्टॉकिंग्जची गोष्ट सांगितली, बाबा नाक मुरडून हसले. आईने तिच्या जुन्या सुती साडीचा काठ फाडून दिला. गाठ बाबांनी मारली, पॅकिंगवाल्याची पक्की गाठ. मी विचारलं, "मशीनवाल्याला नको म्हणून सांगायचं ना?" तर म्हणाले, "बघू." माझ्या बापाचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे आईलाही संसारभर कळलेलं नाही. रजा संपली. या वेळी ते इकोच्या पुढच्या सीटवर बसून पनवेलपर्यंत आले, पण फांदीचा विषय काही काढला नाही, आणि मीही काढला नाही.

इकडे सिंगापूरला आल्यावर मी नोकरीचा करार वाढवून घेतला. "परत कधी येणार?" असं मागे राहिलेले तुम्ही विचारता, तेव्हा त्यात माया असते हे मला कळतं. पण उत्तर देताना आता मी मान खाली घालत नाही. माझी मुळं उघडी आहेत, हवेत आहेत, आणि माझं जेवण मी स्वतः करते. ज्या झाडाला धरलंय त्याचं काही चोरत नाही. आणि जे माझ्यासारखे गेलेत, त्यांना एवढंच सांगते, तुमच्यासाठी कुणी तो शब्द वापरला तर दोन्ही मुळं त्याच्यापुढे ठेवा आणि गप्प बसा.

जूनमध्ये आईचा व्हिडिओ कॉल आला. आधी तिचा कान दिसला, मग छपराचा पत्रा, मग आंबा. उंचावरची फांदी जागेवर होती आणि तिच्यावरून वेण्या सुटल्या होत्या. खाली साडीच्या काठाने बांधलेल्या गड्ड्यालाही एक लहानसा घोस आला होता. आई म्हणाली, मशीनवाला येऊन गेला. मी गेल्यावर आठवड्याने आला, मशीन चालू करून फांदीखाली उभा राहिला. बाबा ओट्यावरून उठले, दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर गेले आणि त्याचा हात धरला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, तिला हात लावू नको. ती बसलीय तितं बसू दे. आमचीच हाय."