एकोणचाळिसाव्या संदर्भावरची टीप

पहिली थप्पड बसली ती पानाच्या आकड्यावरून. लग्नाला चार महिने झाले होते. सरांच्या लेखाखाली संदर्भांची यादी टाइप करताना तिने एका पुस्तकाचं पान विचारलं, तर ते म्हणाले, टाक काहीतरी, कोण बघतंय. तिला वाटलं, थट्टा करताहेत. ती हसली. त्या हसण्यावर थप्पड बसली.

सगळं कॉलेज त्यांना सर म्हणायचं, घरात तीही नवऱ्याला सरच म्हणायची. तिला सरांच्या विभागातले लोक सूचीबाई म्हणत. लग्नाआधी ती ग्रंथालयात होती. पुस्तक हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याचं कार्ड लिहायचं नाही, ही तिथली शिस्त तिच्या अंगात मुरलेली. सर मात्र इतरांच्या लेखांच्या शेवटून संदर्भ उचलून आणत, न निवडता पिशवीत कोंबलेल्या भाजीसारखे. ते निवडत बसायचं काम हिचं. आडनाव आधी, मग वर्ष, मग तिरप्या अक्षरात पुस्तकाचं नाव, मग प्रकाशक. एका जर्नलला वर्ष कंसात हवं, दुसऱ्याला अगदी शेवटी. जितकी जर्नलं तितक्या तऱ्हा.

जिथे शंका, तिथे ती टीप जोडायची. कॉम्प्युटरवर ओळीच्या बाजूला, समासात, पिवळ्या चौकटीत. काय विचारलं, कोणाला, कधी, काय उत्तर मिळालं. हीही ग्रंथालयाचीच सवय. आणि उत्तर थप्पड असेल तर? उत्तर ते उत्तर. तेही ती लिहू लागली. ‘प्रकाशनाचं वर्ष विचारलं. सोमवार, सकाळी दहा. उत्तर: डावा कान.’ रडगाणं नाही, एक विशेषण नाही. मूळ यादी बारा वर्षं एकच होती, वाढत गेलेली. प्रत्येक लेखासाठी ती तिची प्रत काढायची, पाठवण्याआधी एकेक टीप पुसायची आणि सरांच्या नावाने धुतल्या तांदळासारखी फाइल पाठवायची. मूळ यादीत टिपा तशाच राहायच्या. सरांनी त्या कधी वाचल्या नाहीत. वाचायची सवय असती, तर अर्धं दुखणं उरलंच नसतं.

डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नव्हतं. पुढचा एक दात स्टेपलरने गेला होता. जाडजूड शब्दकोश फेकून मारला तेव्हा खांद्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांना माळ्यावरून पडले म्हणून सांगितलं होतं. मारहाण सुरू झाली की सासूबाई आतल्या खोलीत रेडिओ मोठा करत. त्यांना मारहाण आवडत नसे, म्हणजे तिचा आवाज आवडत नसे.

यंदाचा लेख विभागप्रमुखपदासाठीचा होता. चौसष्ट संदर्भ. त्यातलं एकोणचाळिसावं पुस्तक तिला कुठेच सापडेना. तीन ग्रंथालयांना विचारलं, शेवटी प्रकाशकालाच लिहिलं. असं पुस्तक आम्ही कधी काढलंच नाही, असं त्याचं उत्तर आलं. आणि सरांचा अख्खा लेख त्याच पुस्तकाच्या खांद्यावर उभा.

गुरुवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिने सांगितलं. सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“नाही म्हणजे काय? मी सांगतोय ना, आहे.”

“मग तुम्ही कुठे पाहिलंत तेवढं सांगा. मी लिहिते.”

त्यांनी तिचा उजवा हात मनगटाला धरला, टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमध्ये घातला आणि गुडघ्याने ड्रॉवर मिटला. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. आत रेडिओ मोठा झाला. त्यांनी ड्रॉवर ओढून पुन्हा मिटला. रेडिओ बंद झाला. तिसऱ्यांदा मिटला तेव्हा ती ओरडलीही नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं. आतल्या कागदांवर रक्त पसरत गेलं.

सासूबाई दारात आल्या. त्यांनी ड्रॉवरकडे पाहिलं.

“अरे, उजवा हात आहे तिचा,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार?”

दवाखान्यात चार बोटांना प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी विचारलं, ड्रॉवर आपोआप तीनदा मिटला का? सर हसले आणि बायकोच्या धांदरटपणाविषयी काहीबाही बोलले.

लेख पाठवायची मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत होती. सर उठायच्या आत तिने डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, एक टीप लिहिली: ‘पुस्तक अस्तित्वात नाही. गुरुवार, दुपारी दोन. उत्तर: उजव्या हाताची चार बोटं, टेबलाचा ड्रॉवर, तीनदा. साक्षीदार: सासूबाई.’ तेवढ्याला पाऊण तास लागला.

मग सर आयुष्यात पहिल्यांदा फाइल स्वतः पाठवायला बसले. समास पिवळ्या चौकटींनी भरून गेला होता.

“हे पिवळं घालव.”

टिपा घालवायच्या दोन वाटा होत्या. एकेक पुसायची, किंवा एक बटण दाबून सगळ्या लपवायच्या. लपवलेली टीप फाइलबरोबर जाते आणि पलीकडचा माणूस पुन्हा दाखवू शकतो, हे ठाऊक असल्यामुळेच तिने बारा वर्षं एकेक पुसली होती. आता हात नव्हता.

“वर उजवीकडे बटण आहे. ते दाबा.”

त्यांनी दाबलं. समास पांढराशुभ्र झाला.

“गेलं सगळं?”

सांगितलं तर आज वाचेन, उद्याचं उद्या. नाही सांगितलं तर ज्या दिवशी उत्तर येईल त्या दिवशी एकतर या घरातून सुटेन, नाहीतर याच्या हातून मरेन. मध्ये तिसरं काही नाही.

“आता दिसत नाही,” ती म्हणाली.

त्यांनी पाठवून दिलं.

पाच दिवस ती दाराजवळच्या चपलांकडे बघत जगली. आपली कागदपत्रं तिने डाळीच्या डब्यामागे ठेवली होती. सहाव्या दिवशी सकाळी अकराला सरांचा फोन वाजला. जर्नलच्या संपादकबाई होत्या. सर गोड बोलू लागले. स्वयंपाकघरात तिच्या धड कानाला फोनमधला आवाज तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होता: एकोणचाळिसाव्या संदर्भावरची टीप... लिहिणाऱ्या बाई... त्यांच्याकडे फोन द्या.

सरांनी फोन बंद केला. फाइल उघडून तेच बटण दाबलं. समास पिवळा झाला. सर वाचू लागले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी शेवटपर्यंत वाचलं.

ती दारापर्यंत पोचली होती. त्यांनी टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं. ती भिंतीवर आपटली. दुसरा घाव तिने प्लास्टरवर घेतला, प्लास्टर फुटलं. मग त्यांनी कॉम्प्युटरची वायर उपसली आणि तिच्या गळ्याभोवती फिरवली. ती पाय झाडत होती. एका पायातली चप्पल उडून दारावर आदळली. बाहेरून कोणीतरी दार ठोठावत होतं, मग धडका मारू लागलं.

संपादकबाईंनी सरांना फोन करण्याआधी पोलिसांना केला होता. सरांना केलेला फोन नुसता ती जिवंत आहे का हे बघायला होता.

दार तोडून आलेल्या दोन शिपायांनी सरांना ओढून बाजूला केलं. ती जमिनीवर बसून खोकत होती, कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलं होतं. सर म्हणत होते, डोक्यावर परिणाम झालाय हो तिच्या, मनाचं लिहिते, ड्रॉवर तिच्याच हाताने मिटला एकदा. शिपायांबरोबर आलेल्या पोलीसबाईंच्या हातात त्या टिपांचे छापलेले कागद होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“सासूबाई तुम्हीच ना? इथे तुमचं नातं लिहिलंय, साक्षीदार म्हणून.”

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग सुनेच्या हाताकडे. फुटलेल्या प्लास्टरमधून बोटं दिसत होती, काळीनिळी.

“आई, सांग त्यांना,” सर म्हणाले. “एकदा, चुकून.”

“तीनदा,” सासूबाई म्हणाल्या. “रेडिओ बंद केला होता मी.”