ट्रॅक्टरला आवतन

शेळगावच्या आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर आला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. पुण्याला महिनाभर राहून मी ट्रॅक्टर चालवायला शिकून आलो होतो. ज्याला तो चालवता येत नाही त्याच्याकडं कसं बघायचं, तेही त्याच महिन्यात शिकलो. ही दुसरी विद्या मला लवकर आली.

ट्रॅक्टर जुनाच होता. पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचा. चालू करायला पुढून हँडल घालून फिरवावं लागे. चुकीचं धरलं तर ते उलटं येऊन मनगट मोडी. बॉनेटवर धुराचा उभा पाइप होता, आभाळाकडं तोंड करून. त्यात माणसाची मूठ सहज मावली असती.

एवढं धूड दारात असताना बैलजोडी कशाला पोसायची, हा माझा हट्ट होता. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा दोन महिने त्यावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोळा हुंदे. पोळ्याच्या आदी कुणी जनावर दारातनं काढत न्हाय." सुप्याचा एक जिराईत शेतकरी जोडी बघून गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येतो म्हणाला. आबांनी त्याला आणि मला मिळून एक अट घातली. ट्रॅक्टरनं आधी रब्बीचं रान नांगरून दाखवायचं. नांगरलं तर बैल सुप्याला जातील, नाही नांगरलं तर बैल राहतील आणि ट्रॅक्टर जाईल.

आईला कुणी विचारलं नाही. जोडीतला थोरला चार दिवसांचा असताना त्याची गाय मेली होती. आईनं त्याला बांबूच्या नळकांड्यानं दूध पाजून वाढवलं होतं, आणि तो तिच्या हाकेला दावं तोडून यायचा. विकायचं ठरलं त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली. ती बरं म्हणाली की विषय मिटला असं आम्ही धरून चालायचो. आम्ही म्हणजे घरातले पुरुष.

आमच्याकडं पोळा भादव्याच्या अवसेला. आदल्या सांजेला खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून आईनं एकेकाच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." सणाचं हे आमंत्रण बैलाला दिल्याशिवाय पोळा होत नाही. दुसऱ्या दिवशी बैलांबरोबर ट्रॅक्टरही कालव्यावर धुतला. तो आबांचा हुकूम होता. दारात उभा आहे त्याला सण आहे, असं त्यांचं म्हणणं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोवर मी स्वतः पोतं बांधलं. घरी येऊन ट्रॅक्टरच्या दिव्यांना बाशिंगं बांधली, चाकांवर हुरमुंजीचे तांबडे ठिपके दिले. संध्याकाळी आम्ही बैल घेऊन मारुतीच्या देवळाला गेलो. वस्तीवर आई आणि ट्रॅक्टर एवढेच राहिले.

सकाळी सुप्याचा पाहुणा न्याहारीलाच हजर झाला. मी बाशिंगं सोडली, हँडल घातलं, फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. दहा मिनिटांनी मी सदरा काढला. पाहुणा अंगणात बसून शिळी पुरणपोळी दुधात कुस्करून खात होता. "थंडीनं धरलं आसंल," तो म्हणाला. ऊन तेव्हा असं होतं की अंगणात पापड वाळावेत.

पुण्यात मला शिकवलं होतं की गोंधळायचं नाही, क्रमानं बघायचं. मी क्रमानं गोंधळलो. आधी पाण्याचा संशय घेतला. ट्रॅक्टर कालव्यावरून स्वतःच्या चाकांनी घरी आला होता हे मी विसरलो, आणि मॅग्नेटो उघडून दुपारपर्यंत उन्हात ठेवला. मग प्लग काढले, घासले, ठिणगी बघितली. ठिणगी निळी, चांगली पडत होती. पेट्रोलची नळी फुंकली, पेट्रोल तोंडात गेलं. टाकी रिकामी करून फडक्यातून गाळून परत भरली. संध्याकाळपर्यंत मी ट्रॅक्टरला ऐकू जाईल एवढं सगळं बोलून घेतलं होतं. इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प बसायचं. तिसऱ्यांदा ते कधीच खोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भवानीनगरकडून एक फिटर सायकलवर आणला. त्यानं माझ्याकडं मी इतरांकडं बघायचो तसं बघितलं. मग त्यानं कार्बोरेटर उघडला, वॉल्व तपासले आणि जे मी केलं होतं ते सगळं पुन्हा केलं, फक्त हळू. मधेच हात झटकून म्हणाला, "तुमच्या हितं मुंग्या लई हायेत." मी म्हणालो, असतात. दोघांनी मिळून बॉनेटवरच्या मुंग्या फडक्यानं झाडल्या आणि पुन्हा कामाला लागलो. सूर्य कलल्यावर त्यानं हत्यारं पिशवीत भरली. "मशिनीत काय बी खोट न्हाय," तो म्हणाला, "निस्ती चालू हुईना." आणि गेला.

त्या दिवशी आबांनी मला न सांगता बैल जुंपले होते. रानाला वापसा आला होता, म्हणजे ओल नांगरायला नेमकी झाली होती, आणि वापसा कुणाचं शिक्षण होईपर्यंत थांबत नाही. मी प्लग घासत होतो तिथून मला त्यांचं "हूं, हूं" ऐकू येत होतं. सांजेला बैल परत आले तेव्हा आईनं थोरल्याच्या मानेवरचा घाम पदरानं पुसला. गेल्या दोन महिन्यांत मी तिला एवढं खुशीत बघितलं नव्हतं. जेवताना आबा पाहुण्याला म्हणाले, "पाव्हणं, उद्या सकाळी तुमी मोकळ्या हातानं निघा. बैल ऱ्हात्यात हितंच." पाहुणा "बरं" म्हणाला आणि आणखी एक भाकरी घेतली. मी ताटावरून उठलो. मला कुणी बसही म्हणालं नाही.

सकाळी मी ट्रॅक्टरच्या सीटवर नुसताच बसलो होतो. पाहुणा मुंडासं बांधत होता. आई चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली.

"त्याचं पोट धरलं आसंल का रं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

तिनं ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवला. "मी त्याला पोळ्या घातल्या व्हत्या, सणादिवशी. पाच. बाधल्या आसतील."

मी विचारलं, कुठं घातल्या. तिनं धुराच्या पाइपाकडं बोट केलं. तुम्ही सगळे मारुतीला गेलात तेव्हा घातल्या, म्हणाली. थोरल्याला नळकांड्यानं पाजायची तशाच, एकेक गुंडाळी करून. शेवटच्या दोन गिळवेनात म्हणून लाटण्यानं आत सारल्या.

"आये, ते तोंड न्हाय," मी म्हणालो. "धूर भाईर टाकायची जागा हाय ती."

तिनं मान वर करून पाइपाकडं बघितलं. "वर उघडं एवढंच दिसलं मला," म्हणाली.

"पन घातल्या कशाला?"

"कशाला म्हंजे? त्याला बी आवतन दिलं व्हतं. बैलं जानार, मग पुढल्या सालाला आवतन द्यायला दारात दुसरं कोन हाय?"

मग तिनं आवाज खाली आणला. पाहुणा दहा हातांवर होता. "मला कळतंय, ह्येचं पोट बरं झालं की बैलं जानार. काल रातीपातुर गप बसले. पन दारात बांधलेलं पोट धरून पडलंय, आन आपल्याला ठाव आसून बोलायचं न्हाय, ह्ये जमंना मला."

मला तेव्हा लाज वाटली. पण बावीस वर्षांच्या माणसाला लाज वाटते आणि हात भलतंच करत असतात. मी वाकडी तार घेऊन पाइपात घातली. आधी मुंग्या आल्या, मग पुरण आलं, काजळीत काळं पडलेलं, मग पोळीचे वेढे आले. पाचही निघाल्या. आई बाजूला उभी राहून मोजत होती. एकही आत राहू नये म्हणून.

हँडलच्या पहिल्या फेऱ्याला इंजिन चालू झालं. पाइपातून पहिल्यांदा आला तो धूर खरपूस पुरणाच्या वासाचा होता. आबा गोठ्यातून बाहेर आले, त्यांनी तार बघितली, जमिनीवरच्या पोळ्या बघितल्या, आईकडं बघितलं. मग ते रानाकडं चालू लागले. रानात जाऊन मी दोन तास नांगर फिरवला, आबा बांधावर उभे होते. अट पुरी झाली. मी ट्रॅक्टर अंगणात आणून उभा केला, आणि आबांनी पाहुण्याच्या हातात कासरे दिले.

मी सीटवरच बसून होतो, इंजिन चालू होतं. आईनं दोन्ही बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, धाकल्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग थोरल्याचा कान धरून तोंड जवळ नेलं आणि काहीतरी बोलली. आवतनापेक्षा ते लांब होतं. थोरला मान खाली घालून ऐकत राहिला. पाहुणाही थांबला, त्यानं कासरा ओढला नाही.

मी इंजिन बंद केलं असतं तर मला ऐकू आलं असतं. बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला ते ऐकायचं नव्हतं.