उंदीर उठेपर्यंत नारळ नाही

विनिता शेट्ये रागावली की आवाज चढवत नाही, हातातलं काम आणखी हळू करते. नव्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं, बाई थंड डोक्याची आहे. मग कुणीतरी उंदराला शेपटीला धरून लोंबकळवतो, आणि ती त्याला कापडी उंदीर देऊन कोपऱ्यात बसवते. जुन्या मोज्यात भुसा भरून तिने तो स्वतः शिवलाय. पोटाखाली हात नीट येईपर्यंत त्या शिकाऊ साहेबांनी तो मोजा उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. एम.एस्सी. असो की पीएच.डी.

ती पार्सेची, मी कोरगावची. गोव्यात डिचोलीला औषधांची तपासणी करणारी आमची कंपनी आहे, तिथल्या प्राणिघरात आम्ही दोघी. विनिताबाय गुरांची डॉक्टर. आधी पेडण्यात गोठ्यागोठ्यांतून हिंडायची. आता संशोधकांना शिकवते: प्राण्याला धरायचं कसं, भूल द्यायची कशी, आणि मुख्य म्हणजे कुठला प्रयोग प्राण्याशिवाय होऊ शकतो ते. तिने पास केल्याशिवाय इथे कुणी उंदराला सुई लावायची नाही, असा नियम आहे. नियम मोडायची ज्यांना घाई असते त्यांची मला चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

आमच्या फाटकाजवळ माडाखाली देवचाराचा धोंडा आहे. जागेचा राखणदार. जत्रेच्या आधी एक दिवस सगळी कंपनी तिथे जमते. फाटकावरचा कृष्णनाथ नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालतो, वर्षभरात आमच्या हातून जी मुकी जनावरं गेली त्यांची माफी मागतो, आणि आम्ही मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मी देवचाराला मानते. पण हळूहळू पोरांच्या मनाने घेतलं, की एकदा नारळ फुटला म्हणजे आपण मोकळे. वर्षभर कसंही वागा, वर्षअखेरीला माफी आहेच. विनिताबाय हे बघून आतल्या आत जळायची.

दोन वर्षांपूर्वी साईश आला. विनिताबायच्या थोरल्या दिराचा मुलगा, हुशार, गोड बोलणारा. गेल्या वर्षी त्याचं तिच्याकडचं शिक्षण संपत आलं होतं. तिने पास केलं की नोकरी पक्की. शेवटची परीक्षा नेमकी गाऱ्हाण्याच्या दिवशी पडली. त्याने उंदराला भूल दिली, ती चढली का ते पायाचं बोट चिमटून बघितलं, छोटीशी शस्त्रक्रिया केली, टाके घातले. सगळं नीटनेटकं. विनिताबायने मान डोलावली आणि शेजारच्या खोलीत आजारी सशाकडे गेली. साईशचं काम आता एकच उरलं होतं. भुलेतला उंदीर स्वतःची ऊब राखू शकत नाही. त्याला उबदार गादीवर ठेवून, तो आपला आपण पालथा होऊन चालू लागेपर्यंत शेजारी बसायचं.

तेवढ्यात फाटकावरून हाका आल्या. नारायणसाहेब, आमचे व्यवस्थापक, सगळे हजर हवेत म्हणून निरोपावर निरोप धाडत होते. साईशने उंदीर स्टीलच्या टेबलावर, एसीच्या झोतात तसाच ठेवला आणि माफी मागायला गेला.

विनिताबाय परत आली तेव्हा उंदीर थंड पडला होता. तिने त्याला हातात घेऊन चोळलं, फुंकर घातली, खूप वेळ. मग रुमालावर ठेवून बाहेर निघाली. मी मागोमाग धावले. फाटकावर गाऱ्हाणं ऐन रंगात आलं होतं. माणसं वाट देत गेली. तिने तो रुमाल धोंड्यासमोर, केळीच्या पानाशेजारी ठेवला.

“हो उंदीर आताच मेलो,” ती म्हणाली. “तुमी हयसर माफी मागीत होतास तेव्हा.”

कृष्णनाथने नारळ खाली ठेवला तो त्या दिवशी फोडलाच नाही.

साईश नापास झाला. नारायणसाहेबांनी तिला बोलावून समजूत घातली, की प्रयोग संपल्यावर उंदीर तसाही मरणारच होता, एवढं काय. मी तिथेच उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती मात्र टेबलावरचा पेपरवेट हळूच सरळ करत म्हणाली, “मरणारच होता, म्हणून तर मरेपर्यंतचा त्याचा वेळ आपल्या गळ्यात आहे.”

साहेबांनी साईशला काढलं नाही, पण एक वर्ष प्राण्यांना हात लावायला बंदी घातली. वर्षभर तो पाण्याच्या बाटल्या धूत राहिला. त्याची आई सुमंगला पार्सेत विनिताबायच्या दारात येऊन रडली. “एका उंदराखातीर घरचो झील नापास केलंस गो?” असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारून गेली. त्या वर्षी गणपतीच्या चवथीला थोरल्या दिराच्या घरून बोलावणं आलं नाही. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधताना विनिताबाय पहिल्यांदाच तिथे नव्हती. कामावर जाताना कंपनीच्या व्हॅनमध्ये तिने मला हे सांगितलं आणि सबंध वाट खिडकीबाहेर बघत राहिली. कापडी उंदराचे टाके त्या आठवड्यात तिने दोनदा उसवून पुन्हा घातले.

यंदा साईश परत शिकायला बसला. परीक्षा पुन्हा गाऱ्हाण्याच्याच दिवशी. ती तारीख विनिताबायनेच ठरवली, आणि कृष्णनाथला सांगून आली की ती निरोप धाडेपर्यंत नारळ उचलायचा नाही. कृष्णनाथने लगेच मान हलवली. त्याच्याशिवाय गाऱ्हाणं कुणाला येत नाही, तेव्हा साहेबांचा इलाज चालेना.

साईशचा उंदीर उठायला तयार नव्हता. बाहेर सगळी कंपनी उन्हात उभी, साहेब डोक्यावर फाईल धरून. दोनदा फोन वाजला. विनिताबायने तो बंद करून ठेवला. साईश गादीपाशी बसून उंदराच्या श्वासाकडे बघत होता. शेवटी उंदराने पाय हलवले, धडपडत पालथा झाला आणि डोकं जरासं वर उचललं.

साईश पटकन उठला. “काकी, आता जाव?”

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “माका कित्याक विचारतंस? त्येका विचार.”

उंदराने एक पाऊल टाकलं आणि तो कलंडला. साईश पुन्हा खाली बसला.