पक्ष्यांची सासू

अर्ध्या उशांना अभ्रे चढले होते, अर्ध्या उघड्याच पलंगावर पडल्या होत्या. तेवढ्यात वन्सं मागच्या दाराने आल्या आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच त्या उघड्या उशांवर बसल्या. हेल्मेटवर पक्ष्यांची शिट वाळलेली. एरवी मी बोलले असते, धुतल्या कापडाच्या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि अभ्रा माझ्या हातातच राहिला.

"मॅडमचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "खूश होती गं पोर. म्हणाली, मावशी, आनंदाची बातमी आहे."

"मग तोंड असं का उतरलंय?"

"आनंदाची बातमी आहे म्हणूनच."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना मांडीवर घेऊन भरवलं ते वन्संनी, स्वतः अजून परकर-पोलक्यात असताना. पुढे लग्न झालं ते बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. तो भला माणूस ऐन उमेदीत गेला, आणि वन्सं एक ट्रंक नि दोन पातेली घेऊन आमच्याकडे आल्या. पातेली का, तर म्हणे, "तुमच्याकडची लहान आहेत."

उपाशी जीव त्यांना बघवत नाही. मीटर बघायला येणारा असो की सिलिंडरवाला, काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय त्याची सुटका नाही. एक विमा एजंट पत्ता चुकून आमच्याकडे आला होता. त्याला असं जेवू घातलं की पुढच्या महिन्यात तो पुन्हा चुकला, आणि ह्या वेळी जेवणाच्या वेळेलाच.

बंदरावर मासळी निवडायची शेड होती, तिथे त्या कामाला लागल्या. पट्ट्यावरून मासे सरकत यायचे आणि बायका हाताने वेगळे करायच्या. शेडचा सगळा कारभार एका माशावर चाले. बोटाएवढा लांब, सडपातळ, चंदेरी. बंदरावर त्याला 'काडी' म्हणत. क्वचित एखादा रुंद, चपटा मासा चुकून यायचा, तो लांबच्या उबदार पाण्यातला. त्याला 'बशी' म्हणायचे. बशी आली की बायका ती एकमेकींना दाखवून हसायच्या, 'पाहुणे आले गं' म्हणायच्या. मग पाहुणे वरचेवर यायला लागले. मग काडीच पाहुणी झाली. शेवटी शेडचं शटर खाली आलं, आणि वन्सं घरात बसून माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढू लागल्या.

त्यातून सुटका केली मॅडमने. समुद्री पक्ष्यांचा अभ्यास करणारी तरतरीत मुलगी, आमच्या धाकट्या भाचीच्या वयाची. बंदरापलीकडे एक जुना दगडी धक्का पडून आहे. बोटी लागत नाहीत, म्हणून तिथे सुरय पक्षी दगडांमध्ये अंडी घालतात. कबुतराहून सडपातळ पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी. धक्क्याच्या टोकाला लाकडी खोकं, खोक्याला फट. तिथे बसायचं, दुर्बिणीतून बघायचं, आई-बाप पिल्लांना कोणता मासा आणतात, पिल्लू तो गिळतं की नाही, आणि संध्याकाळी मॅडमला फोनवर सांगायचं. नियम एकच, पण पक्का: घरट्यांत जायचं नाही, हात लावायचा नाही, भरवायचं नाही. खोक्यापर्यंत जाताना पक्षी टकुऱ्यावर चोची मारतात, म्हणून ह्यांचं जुनं हेल्मेट.

"दिवसभर बसून कोणी काय आणलं ते बघायचं आणि नावं ठेवायची?" हे म्हणाले. "अक्का, ही नोकरी नव्हे, हे सासूपण आहे."

ते गावभर झालं. भाजीवालीसुद्धा विचारायची, "काय पक्ष्यांच्या सासूबाई, सुनांनी आज काय आणलं?"

"बशी," वन्सं म्हणायच्या. आधी हसून म्हणायच्या. नंतर हसणं गेलं.

कारण मॅडमने त्यांना समजावलं होतं. समुद्र तापलाय. काडीला गार पाणी लागतं, ती खोल आणि दूर निघून गेली, पक्ष्यांची झेप पोचत नाही तिथे. तिच्या जागी उबेतली बशी आली.

"किती तापलाय?" वन्संनी विचारलं होतं.

"थोडासाच, मावशी. तुम्ही-आम्ही पाण्यात उभे राहिलो तर कळणारही नाही. काडीला कळतं."

"ताप थोडासा असला तरी माणूस जेवण टाकतोच की," वन्सं म्हणाल्या.

एकदा मी त्यांचा डबा द्यायला धक्क्यावर गेले होते. त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. समोरच्या रांगेत, दोन दगडांच्या बेचक्यात, राखी कापसाच्या बोळ्यासारखं एक पिल्लू. आईने चोचीत बशी आणून दिली. पिल्लाने आ वासला, मासा अर्धा आत गेला नि अडला. मान ताणून ताणून त्याने जोर केला, मग ओकून टाकला. आईने तो उचलून पुन्हा दिला. पुन्हा तेच. शेवटी ती बिचारी उडाली आणि दुसरी बशी घेऊन आली. पिल्लाभोवती चार-दोन मासे वाळत पडले होते, आणि मधोमध ते चोच उघडून बसलं होतं. आई कामचुकार नव्हती, ताटात वाढायला कमी नव्हतं, आणि लेकरू उपाशी.

"मी हे रोज बघते," वन्सं म्हणाल्या. "बघते आणि संध्याकाळी सांगते. सांगते नि घरी येऊन जेवते."

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून पिशवीभर बशी घेऊन आल्या.

"घरात धारेची कातर आहे का गं?"

"कशाला?"

"बशीच्या काड्या करायच्यात."

नियम मला ठाऊक होता. तरी मी कातर काढून दिली. दिली कुठे, मीच बसले कापायला. वन्संची नजर जवळचं धड दिसू देत नाही. पाठीच्या काट्याच्या कडेने लांब, बारीक पट्ट्या. मनात म्हटलं, भुकेल्याच्या मुखी घास गेला की तो देवाला पोचतो, आणि देवाने कुठे लिहून ठेवलंय की पक्षी वगळून? देवाजवळ बसण्याआधी मी पट्ट्या कापायची, आणि नंतर पूजेत मन कसं अगदी हलकं व्हायचं. पुण्य इतकं सोपं मिळतंय म्हटल्यावर मी जरा थांबून बघायला हवं होतं.

वन्सं चिमट्याने भरवायच्या. आधी ते एक पिल्लू, मग त्याच्या शेजारचं, मग सगळी जवळची रांग. पिल्लं भराभर वाढली, पंखांत पिसं फुटली. आणि संध्याकाळी फोनवर मॅडम विचारायची, "जवळच्या रांगेतली बशी खातायत का?"

"खातायत," वन्सं सांगायच्या.

फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या. "खोटं कुठे आहे? बशीच तर खातायत."

मीही मान हलवायची.

आता त्या उशांवर बसून मला आनंदाची बातमी सांगत होत्या. दीपगृहाजवळ पाण्याचा एक पट्टा अजून गार आहे, उरलीसुरली काडी तिथेच येते. पिल्लं उडेपर्यंत त्या पट्ट्यात जाळी टाकू देऊ नका, असा अर्ज मॅडमने बंदराच्या समितीकडे केला होता. आज दुपारी बैठक होती. आणि मॅडम अर्ज मागे घेणार होती.

"म्हणते, तुमची पिल्लं बशीला सरावली, मावशी. लांबच्या रांगांतली मरतायत, पण जवळची तगलीत, म्हणजे हळूहळू जमेल त्यांना. मग उगाच जाळीवाल्यांच्या पोटावर पाय कशाला?" वन्संनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "सरावली नाहीत गं. तुझ्या कातरीने जगलीत. आणि त्या पट्ट्यातली काडी आता जाळ्यात जाणार."

हे जेवायला घरी आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. सगळं ऐकून त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"गप्प बस, अक्का," ते म्हणाले. "महिनाभरात पिल्लं उडतील. कोण विचारायला येतंय?"

"पुढच्या वर्षीची?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सांगितलंस तर तुला काढून टाकतील. शेड बंद झाल्यावर कशी झाली होतीस, आठवतंय? भिंतीकडे तोंड करून निजायचीस. ह्या कामाने माणसात आलीस."

"माणसात आले म्हणून खोटी साक्ष देऊ?"

"समुद्र तू तापवलास का?"

"नाही. पण तापलाय हे सांगायला मला बसवलं होतं," वन्सं म्हणाल्या. "आणि मी सांगत बसले, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे."

हे माझ्याकडे वळले. "तू सांग हिला काहीतरी."

आधी माझ्याही तोंडून निघून गेलं, की इतके दिवस गेलेत, आता सांगून काय होणार. मग मी उठून देवापुढे जाऊन बसले. हात जोडले, तर मनात एकच येत होतं: मॅडमला कळू देऊ नको रे. दुसरं मागायला गेले तरी फिरून तेच. इतकी वर्षं हात जोडतेय, पण देवाला लपवालपवीत सामील करून घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी हात सोडले आणि बाहेर येऊन म्हटलं, "वन्सं, फोन लावा."

ह्यांनीच नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला, रागारागाने का होईना.

वन्संनी आडपडदा ठेवला नाही. बशी, कातर, चिमटा, सगळं सांगितलं. मला वाचवायला कातरीचं त्या स्वतःवरच घेत होत्या, म्हणून मी मधेच ओरडले, "कापायची मी, मॅडम!"

मॅडम म्हणाली, "मावशी, मी जवळच्या रांगेवरून सगळ्या धक्क्याचा हिशेब मांडला."

"ठाऊक आहे गं."

"मी समितीसमोर उभी राहून चुकीचं बोलले असते."

"रागावलीस?"

"हो. रागावलेय." ती खरंच रागावली होती, आवाज बारीक झाला होता. "अर्ज मागे घेत नाही. बैठकीत हे सगळं सांगते. तुमच्या कामाचं काय करायचं ते मला आज सांगता येणार नाही."

"ते राहू दे."

"मावशी, तुम्ही रांगेत शिरायचात तेव्हा मोठे पक्षी उठायचे ना?"

"उठणारच. डोक्यावर घिरट्या घालायचे."

"मग पिल्लं उघडी पडायची. पिल्लं पळवणारे कुरव पक्षी यायचे का?"

वन्संनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "एकदा आला होता."

"एकदाच?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "एकदाच नाही. मी एकाला भरवत असायची आणि मागच्या मागे… तो मोठा पांढरा कुरव. एकदा पाठ वळवली तर मागचे दोन दगड रिकामे, पिल्लं गेलेली."

हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्या घरी यायच्या, डबा घासायच्या, माझ्या पट्ट्यांचं कौतुक करायच्या. म्हणायच्या, "आज सगळ्यांनी खाल्लं हो." आणि मी समाधानाने दुसऱ्या दिवसाची बशी धुवायला घ्यायची. ह्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले.

"ज्या दगडांपाशी भरवलंत त्या प्रत्येक दगडावर रंगाची खूण करा," मॅडम म्हणाली. "ती पिल्लं मोजायची नाहीत. उन्हं कलल्यावर जा, झटपट करा, आणि लगेच बाहेर या. आणि भरवणं बंद."

"बंद म्हणजे हळूहळू…"

"बंद म्हणजे बंद, मावशी."

"मला पाहिलं की चोच उघडतात गं आता. आईकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात."

"म्हणूनच," मॅडम म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

हे न जेवताच कामावर गेले. त्यांना वाढायचं वन्संच्या लक्षात आलं नाही, आणि असं ह्या घरात पहिल्यांदाच झालं. त्या मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या, पदर खोचला, पिशवी घेतली.

"कसला रंग लागेल गं?"

"तेलाचा," मी म्हटलं. "खारं पाणी उडालं तरी जाणार नाही असा. लाल घ्या, म्हणजे लांबून दिसेल."

दारापाशी त्या थांबल्या. "तूही चल धक्क्यावर. एकटी गेले तर एखादा दगड सोडून देईन मी. ते दोन रिकामे आहेत ना, ते."

"येते."

"आणि सोडायला लागले तर बोल मला. मोठी आहे म्हणून गप्प बसू नकोस."

"नाही बसणार," मी म्हटलं. मग त्या आधी हार्डवेअरच्या दुकानात गेल्या, लाल तेलरंगाचा डबा आणि ब्रश आणायला.