भुवड मॅडम आणि आमच्या फुटबॉलचा तो हंगाम

प्रा. सुनंदा भुवड यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या क्रीडाविभागाच्या दारात उभ्या राहून चेंडूत हवा भरत होत्या. भूगोलाचा अधिव्याख्याता म्हणून मी रत्नागिरीच्या आमच्या महाविद्यालयात नुकताच रुजू झालो होतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, घाट उतरून प्रथमच कोकणात राहायला आलेला. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला फुटबॉल संघाचा व्यवस्थापक नेमले, कारण ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी ते काम घ्यायला कोणी तयार नव्हते. मी मॅडमना खरे ते सांगून टाकले, "मॅडम, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"मलाही कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हवा भरता येते ना? मग हे धरा." आणि त्यांनी पंप माझ्या हातात दिला.

आता वयाची साठ वर्षे पूर्ण करून मॅडम सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या कबड्डीच्या संघांविषयी या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मी फुटबॉलच्या एकाच हंगामाविषयी लिहिणार आहे. त्या हंगामात आमचा संघ प्रथमच विभागीय अंतिम फेरीत पोचला आणि तेथे हरला. त्या पराभवाचा दोष महाविद्यालयाने मॅडमना दिला. त्यांनी तो नाकारला नाही. का नाकारला नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मॅडम संगमेश्वर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या. त्यांचा खेळ कबड्डीचा. फुटबॉल आमच्याकडे आला तो फैजानमुळे. राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीतला हा मुलगा पहिल्या वर्षाला असताना कबड्डीच्या निवडीला आला आणि सरळ म्हणाला, "मॅडम, आम्ही रोज वाळूत फुटबॉल खेळतो. कॉलेजचा संघ का नाय?" मॅडमनी संघ काढला. नियमांचे पुस्तक आणले, आणि त्यातले जे उमगेना ते समजून घ्यायला त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसू लागल्या. ऑफसाइडचा नियम त्यांना फैजानने वाळूत शिंपले मांडून शिकवला, असे तो अजून अभिमानाने सांगतो. स्वतःच्या विद्यार्थ्याकडून शिकताना त्यांना संकोच वाटला नाही, आणि शिकून झाल्यावर त्याच विद्यार्थ्याला उशिरा आल्याबद्दल मैदानाबाहेर बसवतानाही वाटला नाही.

आमचे मैदान म्हणजे कातळावर पसरलेली मातीची पातळ चादर. पडला की मुलगा सोलवटून निघे. मॅडमच्या पिशवीत कापूस आणि हळदीची डबी कायम असे. बाहेरगावच्या सामन्यांना आम्ही एसटीने जात असू. राजिवड्याच्या मुलांच्या घरची भाकरी-मासळी आणि खेड्यातल्या मुलांच्या घरची तांदळाची भाकरी-चटणी एकाच वर्तमानपत्रावर मांडली जाई. मॅडम सर्वांबरोबर जेवत; शाकाहारी असल्याने फक्त मासळी टाळत. कोणाच्या डब्यात काही नसले, तर ते फक्त त्यांनाच कळे.

संघातला सर्वांत चांगला खेळाडू संदेश गुरव. पालीच्या बाजूच्या एका वाडीतला. वडील मुंबईत एका गोदामात कामाला, घरी आई आणि धाकटी बहीण. पायात असा वेग की पंचही क्षणभर बघत राहत. त्या हंगामात पहिले दोन सामने आम्ही जिंकले ते त्याच्यामुळे.

मग भातकापणी आली. वडिलांना रजा मिळेना, घरी माणूस नाही, म्हणून संदेश सरावाला येईनासा झाला. मॅडमनी त्याला निरोप पाठवला नाही. रविवारी सकाळी त्यांनी अख्खा संघ पालीच्या गाडीत बसवला आणि त्याच्या शेतावर नेला. फैजानने तोवर विळा हातात धरला नव्हता. मॅडम साडीचा पदर खोचून वाफ्यात उतरल्या आणि त्यांचा हात चालू लागला, तेव्हा संदेशची आई म्हणाली, "मॅडम, तुमी तं आमच्यातल्याच निगाल्या." मी घाटावरचा, ज्वारीच्या रानात वाढलेला, मला पेंढ्या बांधायला बसवण्यात आले.

त्या दिवशी दुपारी संदेश भारा डोक्यावर घेऊन येता येता मध्येच बांधावर बसला. भारा बाजूला ठेवला, छातीवर हात धरला, थोड्या वेळाने उठून पुन्हा चालू लागला. आम्हा कोणाला त्यात काही वाटले नाही. मॅडम मात्र विळा थांबवून त्याच्याकडे पाहत राहिल्या होत्या.

उपांत्य सामना चिपळूणला झाला. संदेशने उत्तरार्धात विजयी गोल केला. तो केल्यानंतर काही मिनिटांनी, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना, आसपास कोणीही नसताना, तो कोसळला. आम्ही धावत पोचेपर्यंत त्याने डोळे उघडले होते. "काय नाय मॅडम," तो हसून म्हणाला, "उनाची चक्कर आली." उरलेला वेळ त्यांनी त्याला बाहेर बसवले. सामना आम्ही जिंकलो. येताना गाडीत मुले गात होती. मॅडम संदेशच्या शेजारी बसल्या होत्या आणि घरात अशी चक्कर आणखी कोणाला येते का, हे विचारत होत्या. त्याचा एक काका तरुणपणी, विहिरीवर पाणी ओढताना अचानक गेला होता, एवढे त्याने सांगितले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले. अशक्तपणा असेल, ते म्हणाले. मॅडमनी विचारले, "हा खेळला तर चालेल, असं तुम्ही खात्रीनं सांगाल का?" डॉक्टर म्हणाले, "खात्री हवी असेल तर कोल्हापूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." कोल्हापूरची वेळ मिळाली ती अंतिम सामन्यानंतरची.

मॅडमनी त्याच दिवशी जाहीर केले की संदेश खेळणार नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात. महाविद्यालय प्रथमच अंतिम फेरीत होते. एका विश्वस्तांनी अभिनंदनाचा फलक आधीच करायला टाकला होता. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतले. व्यवस्थापक म्हणून मीही होतो. संदेशचे वडील मुंबईहून रातोरात येऊन तेथे बसले होते. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे अंतिम सामना पाहायला येणार होते, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्याला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते.

"पोर माजा हाय मॅडम," ते हात जोडून म्हणाले. "मी सांगतो, खेळूं दे त्याला. आमच्या घरात असा चान्स पुना येनार नाय. माजा जलम गोदामात गेला. त्याचा तरी नको जायला."

मॅडम खुर्ची वळवून त्यांच्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, वडील म्हणून तुमचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. पण संघ मी उतरवते. त्याला मी उतरवणार नाही."

"डॉक्टर अशक्तपणा म्हणालेत ना?" प्राचार्यांनी विचारले.

"असेल, असं म्हणालेत. मी त्याला दोनदा पाहिलंय सर. मला ते बरं दिसलं नाही."

"आणि कोल्हापूरला काही निघालं नाही तर? या मुलाचं नुकसान कोण भरून देणार?"

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तो दोष माझ्याकडे राहील."

मी नवखा होतो. माझे मत कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर मी काय सांगितले असते, हे आजही मला सांगता येणार नाही. मॅडमजवळ त्या वेळी पुरावा नव्हता. त्या चुकत असण्याचीही तितकीच शक्यता होती, आणि हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

अंतिम सामना सावंतवाडीला होता. संदेशला त्यांनी बरोबर आणले. तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, बूट घालून. सामना बरोबरीत चालला होता आणि आमची मुले थकत चालली होती. मंडपातून विश्वस्तांचा एक निरोप आला, मग दुसरा. मॅडमनी दोन्ही ऐकून घेतले. शेवटी कर्णधार फैजान रेषेजवळ आला. "मॅडम, सोडा त्याला. शेवटची पाच-दहा मिनटं फक्त. आम्ही सांभाळून घेऊ."

संदेश उठून उभा राहिला होता. "मॅडम," एवढेच तो म्हणाला.

"बस," मॅडम म्हणाल्या. मग फैजानला म्हणाल्या, "पाणी पी आणि जा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पिशवीचा पट्टा त्यांनी हातात इतका पिळून धरला होता की नंतर तळव्यावर वळ दिसला.

त्यानंतर थोड्याच वेळात आमच्यावर गोल झाला. आम्ही एका गोलने हरलो.

परतीच्या गाडीत गाणी नव्हती. महाविद्यालयात मात्र पुष्कळ बोलले गेले. "बाईमाणूस, घाबरल्या," असे शिक्षककक्षात त्यांच्या समोर म्हटले गेले. फलक परत गेला. उपविजेत्या संघाचा सत्कारही झाला नाही. मॅडम सोमवारी पहाटे मैदानावर होत्या, आणि मुलेही एकेक करून आली. संदेश आला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. संदेश, त्याचे वडील, मॅडम आणि मी. साखरपा, आंबा घाट, एसटीच्या खिडकीतून येणारा गार वारा. तपासणीला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी सर्वांना आत बोलावले आणि सोप्या शब्दांत सांगितले की हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड आहे. औषधांवर नीट आयुष्य जगता येईल, पण यापुढे धावण्याचा कोणताही खेळ नाही. धावता धावता केव्हाही काहीही घडू शकले असते.

वडील बाहेर येऊन बाकावर बसले. बऱ्याच वेळाने उठले आणि कोपऱ्यावरून सर्वांसाठी चहा घेऊन आले. पहिला पेला त्यांनी मॅडमच्या पुढे केला. मॅडम "बघा, मी म्हणत होते ना" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेला घेतला आणि त्यांना आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.

संदेश खिडकीशी उभा होता. त्याचा जीव वाचला होता हे आम्हाला कळत होते. त्याला कळत होते ते एवढेच, की आपल्याला जे सर्वांत चांगले येते ते आता संपले.

परत येताना पालीला ते दोघे उतरून गेले. तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, उद्या मी शिक्षककक्षात सगळ्यांना सांगतो. तुमचं बरोबर होतं."

"काही सांगायचं नाही सर," त्या म्हणाल्या. "या मुलाला नोकरी लागायची आहे. लग्न व्हायचं आहे. गावात एकदा हृदयाचं नाव झालं की त्याला कोण उभं करणार? सांगायचं तेव्हा तो सांगेल."

"आणि लोक तुम्हाला बोलतात ते?"

"बोलतील काही दिवस. मग विसरतील."

लोक लवकर विसरले नाहीत. पुढची कित्येक वर्षे, संघ हरला की त्या अंतिम सामन्याचा विषय निघे. मॅडमना एक पुरस्कार मिळायचा होता. त्या वेळीही निवडीच्या बैठकीत हा विषय निघाला आणि पुरस्कार दुसऱ्या कोणाला गेला. मी त्या बैठकीनंतर त्यांना भेटलो तेव्हा त्या गोलजाळी शिवत होत्या. "सर, ते टोक जरा धरा," असे म्हणाल्या.

संदेशने मात्र त्यांच्याशी बोलणे सोडले होते. राग त्यांच्यावर नव्हता, असे तो आता म्हणतो. कोणावर धरायचा तेच कळत नव्हते. त्याने महाविद्यालयही सोडायचे ठरवले होते. मॅडम रविवारी पालीला उतरून त्याच्या वाडीपर्यंत चालत जात. तो मागच्या दाराने निघून जाई. त्या त्याच्या आईशी बोलत, बहिणीचा अभ्यास घेत आणि परत येत. असे किती रविवार गेले ते त्यांनी मोजले नाही. एकदा तो घरातच थांबला. परीक्षेला बसला. पदवी घेतली. आज तो पालीजवळच्या आंबा प्रक्रियेच्या कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. लग्नाआधी त्याने मुलीला स्वतः सगळे सांगितले, आणि ती हो म्हणाली.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. "लिवा सर," तो म्हणाला. "आता मलाच लोकांना सांगायचं हाय. इतकी वर्सं मॅडमनी माझं झाकलं."

गेल्या महिन्यात सायंकाळी तो मैदानावर आला. त्या हंगामानंतर प्रथमच. बरोबर त्याची लहान मुलगी होती. सराव चालू होता. मॅडमनी त्याला पाहिले, हाक मारली नाही, फक्त बसल्या होत्या तेथून थोड्या सरकल्या. तो येऊन बसला. सराव संपेपर्यंत तिघेही मुलांचा खेळ पाहत होते. निघताना मॅडमनी विचारले, "गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

"घेतो मॅडम."

मुलगी तेवढ्यात बाहेर आलेल्या चेंडूमागे धावत सुटली होती. संदेश तिला थांबवायला उठला. मग काहीतरी आठवून मॅडमकडे वळला आणि म्हणाला, "हिला पन कोल्हापूरला दाखवून आनलंय. काय नाय निगालं."

"मग धावू दे," मॅडम म्हणाल्या.

आदरणीय मॅडम, निवृत्तीनंतर आपण गावी जाऊन शेती पाहणार, असे ऐकतो. आपले गुडघे आपल्याला त्रास देतात आणि आपण ते कोणाला सांगत नाही, हेही आम्ही जाणतो. आता थोडी काळजी स्वतःची घ्यावी, एवढा हट्ट आम्हा सहकाऱ्यांचा आहे. आपल्या शेतात दरवर्षी भात उत्तम यावे, कापणीला आमच्यासारख्या अडाण्यांनाही बोलावणे यावे, आणि बांधावर उभे राहून आम्हाला रागावण्याइतके बळ आपल्याला पुढील अनेक वर्षे, निरोगी शरीराने आणि शांत मनाने लाभावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना.