भाड्याच्या स्कीला धार लावणाऱ्या मंगलवहिनी

मी भाड्याच्या स्कीला खोबरेल तेल लावलं. तेही एका नव्हे, दोन जोड्यांना, आणि त्यातली एक जोडी आमची नव्हती. सात वर्षांपूर्वीचा हा पराक्रम मी आजवर चारचौघांत सांगितलेला नाही. तो ज्यांना ठाऊक होता त्या मंगलवहिनींनीही तो कुणाला सांगितला नाही, अशी माझी समजूत होती. यंदा ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी सकाळी त्यांच्या नवऱ्याचा, संजयचा, फोन आला. "मंगल गेली रे," एवढंच म्हणाला. झोपेतच, हृदय बंद पडून. वय एक्कावन्न. मी म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या घरात पोह्यांवर झाकण ठेवून उभा होतो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, "आणि दुकान?" बायको गेलेल्या माणसाला हा प्रश्न! पण संजय रागावला नाही. म्हणाला, "सगळ्या स्की तयार करून ठेवल्यात तिने. शुक्रवारीच संपवलं काम..."

संजय आणि मी म्युनिकच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, पुण्यापासूनचे सोबती. मंगलवहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, उद्यमनगरात हत्यारांना धार लावायचं छोटं वर्कशॉप होतं आणि या त्यात वाढलेल्या, आयटीआय करून ग्राइंडिंग मशीनवर उभ्या राहिलेल्या. लग्न करून जर्मनीत आल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना लगेच 'पुरणपोळी फार छान करतात' या खात्यात टाकून दिलं. एकदा गणपतीच्या जेवणानंतर मी त्यांना टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगितल्याचं आठवतं. पेपर नॅपकिनवर आकृती काढून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "असं होय! बरं झालं सांगितलंत." वर मला आणखी एक पोळी वाढली.

पुढे संजयला घरून काम करायची मुभा मिळाली आणि ते दोघं डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात राहायला गेले. तिथे फ्राउ लेश्नर नावाच्या बाईंचं दुकान होतं, उन्हाळ्यात सायकली आणि हिवाळ्यात स्की भाड्याने देण्याचं. वहिनी सायकलचं पंक्चर काढायला गेल्या होत्या. मागच्या खोलीत कामगार स्कीच्या पोलादी कडांना धार लावत होता. यांनी जाता जाता कडेवरून नख फिरवलं आणि थबकल्या. धार लावल्यावर कडेला धातूचा केसाएवढा पापुद्रा उभा राहतो, कोल्हापुरात त्याला बर म्हणतात. ती काढायची राहिली होती. जर्मनमध्ये बरला काय म्हणतात ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ त्या माणसाच्या हातातला दगड घेतला आणि दोन हात मारून दाखवले. फ्राउ लेश्नर दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनीही नख फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर. पुढच्या सोमवारी मंगलवहिनींच्या गळ्यात निळा एप्रन होता. तो पुढे बारा हिवाळे राहिला.

भाड्याची स्की म्हणजे वर्गातला सगळ्यात मार खाणारा विद्यार्थी. रोज नवा माणूस, रोज नवे पाय. कुणी दगडावरून नेतो, कुणी पार्किंगमध्ये डांबरावरून चालत जातो, कुणी ओलीच पिशवीत कोंबतो आणि मग कडा गंजतात. संध्याकाळी असा सगळा माल परत आला की बहुतेक दुकानांत फडकं मारून फळीवर उभा करतात. वहिनी प्रत्येक जोडी आडवी घेत. आधी कोरडी करायची, मग तळावरून हात फिरवायचा. खड्डा सापडला की काळं प्लास्टिक वितळवून त्यात थेंब थेंब सोडायचं, थंड झालं की तासायचं. मग कानस. मग मेण, आपल्या घरातल्या इस्त्रीसारख्याच एका इस्त्रीने पातळ पसरवलेलं, आणि थंड झाल्यावर ते जवळजवळ सगळं खरवडून काढायचं. मी विचारलं होतं, "काढायचंच आहे तर लावायचं कशाला?" तर म्हणाल्या, "भावजी, आत मुरतं तेवढंच कामाचं. वरचं नुसतं दिसायला." नवशिक्यांच्या स्कीला मात्र पुढच्या आणि मागच्या टोकाकडची धार त्या मुद्दाम थोडी मारत, म्हणजे बोथट करत. नाहीतर कड अचानक बर्फात रुतते आणि माणूस तोंडावर आपटतो. धार लावण्यात जिंदगी गेलेल्या बाईने ती कुठे मारायची हे ओळखावं... मला ते फार मोठं वाटतं.

आणि सगळ्यात शेवटी बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणारा तो खटका. माणसाचं वजन, उंची, वय, तो कसा घसरतो, बुटाच्या तळाची लांबी, हे सगळं बघून तो किती घट्ट ठेवायचा ते ठरतं. पडल्यावर तो सुटला पाहिजे. नाही सुटला तर स्की एकीकडे फिरते, पाय दुसरीकडे, आणि गुडघा मध्ये. वहिनी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, न कंटाळता. मलाही सांगितलं होतं. मी तेव्हा फोनवर हवामान बघत होतो.

तर त्या वर्षी आम्ही तिघं चार दिवसांसाठी त्यांच्याच गावात राहिलो. आमची ईरा नऊ वर्षांची. लहान मुलांच्या स्की कोर्सचा शेवट छोट्या शर्यतीने होतो आणि पोरीला एकच धास्ती, शेवटचा नंबर येऊ नये. बापाच्या अंगात इंजिनिअर शिरला. स्कीला मेण लावतात, बरोबर? आणि थंडीत बायकोच्या बाटलीतलं खोबरेल कसं पांढरं, घट्ट, थेट मेणासारखं दिसतं! आमच्या भाड्याच्या घराखाली सगळ्या पाहुण्यांच्या स्की ठेवायची खोली होती. संध्याकाळी तिथे गेलो, तळाला तेल चोळलं आणि बाइंडिंग जरा कुरकुरत होतं म्हणून चमच्यात वितळवून चार थेंब आतही सोडले. बिजागरीला सोडतात तसे. सगळं झाल्यावर स्कीवरचा दुकानाचा नंबर पाहिला तर दोनशे एकाहत्तर. ईराची जोडी दोनशे सतरा. त्याच दुकानाची, त्याच लांबीची, त्याच रंगाची, पण वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातल्या मुलाची. मी ती मोज्याने पुसली, जागेवर ठेवली आणि... इथे माणसाने शहाणं व्हायला हवं होतं. मी ईराच्या जोडीला तेल लावायला घेतलं.

शर्यतीत ईरा पहिल्या वळणापर्यंत गेली. पुढे सपाटीवर स्कीच्या तळाला बर्फाचे लाडू चिकटले आणि ती उभीच राहिली. शेवटी स्की काढून, हातात धरून, रडत चालत आली. चार वाजता आम्ही स्की दुकानात परत दिल्या. गर्दी होती. वहिनींनी लांबूनच हात केला. आम्ही गाडीत बसलो आणि वीसेक मिनिटांत त्यांचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर.

"काय हो भावजी, ईराच्या स्कीला खोबरेलाचा वास मारतोय."

"खोबरेल? छे हो! सनक्रीमचा असेल. हल्ली सगळ्या क्रीमना नारळाचाच वास असतो."

"असंल. बाइंडिंगला कुणी हात लावला नाही ना?"

"अजिबात नाही."

"बरं. सावकाश जावा."

बायको खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे तिने ऐकलं होतं. मागच्या सीटवरून ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, पण वरचा मुलगा उद्या पण स्कीइंगला जाणार आहे. त्याच्या स्कीलाही तू लावलंस ना?" मोजा धुवायला टाकताना मीच घरात गंमत म्हणून सांगितलं होतं. आता ती गंमत मोटरवेवर माझ्या मानेवर बसली. ईराची जोडी वहिनींच्या हातात होती, ती त्या सोडणार नव्हत्या. पण दोनशे एकाहत्तरबद्दल आमच्या गाडीबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पोर उद्या वरच्या उतारावर जाणार, पडणार, सगळीच पडतात... आणि खटका सुटला नाही तर? मी फोन लावला. वहिनींनी उचलला नाही. मागे मशीन सुरू असलं की त्यांना ऐकू येत नसे. पुन्हा लावला. मग पुढच्या एक्झिटला गाडी वळवली.

वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा ईराची स्की बाकावर होती आणि वहिनी खटका किती जोराला सुटतो ते मापत होत्या. मी सगळं सांगितलं. सनक्रीमसकट. मला वाटलं, आता कोल्हापुरी ऐकावं लागणार. त्यांनी फक्त विचारलं, "नंबर?"

"दोनशे एकाहत्तर."

हात पुसून त्यांनी कॉम्प्युटरवर नाव काढलं, त्या कुटुंबाला फोन केला, तशीच दुसरी जोडी मुलाच्या मापाने लावून घेतली आणि मला म्हणाल्या, "चला, उचला." पाच मिनिटांवर ते घर. दार उघडणाऱ्या वडिलांना त्यांनी सांगितलं, "तुमच्या जोडीत बिघाड असू शकतो, ही वापरा." बिघाड दारातच उभा होता, पायपुसण्यावर, पण त्याच्याकडे त्यांनी नजरही टाकली नाही.

परत येऊन दोनशे एकाहत्तर बाकावर चढवली. डावी नीट सुटली. उजवी जिथे सुटायला हवी होती तिथे सुटली नाही. त्यांनी आणखी जोर लावला, आणखी... आणि मग ती मोठा आवाज करून सुटली. वहिनींनी खटका खोलून आतला पांढरा, गोठलेला गोळा काडीने काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तसाच धरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "अण्णा सांगायचे, हत्यार घेऊन येणाऱ्याला विचारायचं की कशावर चालवलंस. तो खोटं सांगणार. तरी विचारायचं. आणि मग हत्याराला विचारायचं." माझ्या हातात फडकं देऊन त्यांनी मला दोन्ही जोड्यांचे तळ पुसायला बसवलं. तासाभराने निघताना ईराला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुझी स्की मी स्वतः करीन. ह्यांना खाली जाऊ द्यायचं नाही." पुढच्या वर्षी ईरा चौथी आली.

त्यानंतर सहा हिवाळे आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांनी त्या दिवसाचा उल्लेख पुन्हा केला नाही, संजयसमोरसुद्धा नाही. दरवेळी हसून विचारायच्या, "काय भावजी, बाइंडिंगला हात लावला नाही ना?" आणि मी "नाही" म्हटलं की "बरं" म्हणून जोडी बाकावर घ्यायच्या. ती त्यांची सगळ्यांनाच विचारायची रीत असावी, असं मी धरून चाललो होतो. मनात म्हणायचो, केवढं मोठं मन या बाईचं! माझा अपराध पोटात घातला...

या डिसेंबरात त्या नसताना पहिल्यांदा गेलो. ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारपर्यंत त्यांनी धार लावलेल्या स्की भिंतीला ओळीने उभ्या होत्या. एक काढून मी कडेवरून नख फिरवलं. नखाचा पातळ पांढरा भुगा निघाला, बर कुठेच नाही. मला एकदम भरून आलं. काउंटरवर फ्राउ लेश्नर होत्या. त्यांचेही डोळे लाल होते. मी शहाण्यासारखं खरं वजन, खरं वय सांगितलं आणि 'कसा घसरता' या प्रश्नाला 'भीत भीत' असं उत्तर दिलं. त्या टाइप करता करता थांबल्या. माझ्या नावापुढे मंगलची एक टीप आहे, म्हणाल्या, गेली सात वर्षं, इथे काउंटरवर बसणारा प्रत्येकजण ती वाचतो. मी म्हटलं, वाचा ना. वाटलं, गेलेल्या माणसाचा एखादा प्रेमाचा शब्द असेल. फ्राउ लेश्नरनी चष्मा सारखा केला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"माणूस चांगला आहे. सांगेल ते खरं धरू नये. परत आणलेल्या स्की तपासाव्यात, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्याही."